शेष

देवाला वाहिलेलं झेंडूचं फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं. त्याच वाफ्यातलं दुसरं फूल दाराच्या तोरणात वाळलं तर त्याला कचरा म्हणतात. दोन्ही फुलं सारखीच सुकलेली, सारखीच कडेने तपकिरी पडलेली. पण निर्माल्यावर पाय पडू नये म्हणून माणूस बाजूने जातो, ते वेगळ्या पिशवीत ठेवतो, झाडाच्या बुंध्याशी घालतो. तोरणातलं फूल सुपलीतून थेट डब्यात जातं. मराठीत उरलेल्या वस्तूंना किती शब्द आहेत, हे एकदा मोजून पाहावं. तेल काढलं की पेंड उरते, तांदूळ सडला की कोंडा, ऊस पिळला की चिपाड, तूप कढवलं की बेरी, कापड विरलं की चिंधी, भांडं फुटलं की खापर, पितळेचा तांब्या चेपला की मोड, वर्तमानपत्र वाचून झालं की रद्दी. या प्रत्येक शब्दात त्या वस्तूचा पुढचा मुक्काम सांगितलेला आहे. पेंड गोठ्यात जाते, बेरी साखर घालून मुलांच्या हातावर पडते, मोड देऊन नवं भांडं येतं. ‘कचरा’ हा एकच शब्द असा, की तो उच्चारल्यावर पुढे काही उरत नाही. ज्या वस्तूशी आपण नातं तोडलं तिला आपण कचरा म्हणतो, आणि म्हणून माझ्या मते कचऱ्याचा प्रश्न मुळात धर्माचा प्रश्न आहे: वापरून झालेल्या वस्तूशी माणसाचं काही कर्तव्य उरतं की नाही?

हा प्रश्न तंत्राचा समजून आपण बरीच वर्षं घालवली. तंत्र आता सर्वांना ठाऊक आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा वेगळा ठेवणं प्रत्येक घराचं कर्तव्य ठरवलं. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून टाकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. तरीही सकाळी इमारतीच्या फाटकाशी ठेवलेल्या पिशवीत मेथीची देठं, घड्याळाचा सेल आणि बाळाचं डायपर एकत्रच सापडतं. शिकलेल्या, सधन घरांतही सापडतं. माहिती असून आचरण बदलत नाही, तेव्हा माणूस आतून काय मानतो ते तपासावं लागतं. आणि आपण आतून मानतो ते हे: घाण उंबऱ्याबाहेर गेली की संपली. ‘बाहेर’ नावाची एक अथांग जागा आहे, तिथे टाकलेलं कधी परत येत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. मुंबईची ती जागा देवनार. १९२७ पासून शहर तिथे कचरा ओततं आहे, आणि जानेवारी २०१६ मध्ये ते डोंगर पेटले तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहांनाही दिसला. पुण्याची ती जागा उरुळी देवाची आणि फुरसुंगी. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, गावांना टँकरवर राहावं लागलं, शेवटी गावकरी रस्त्यावर बसले आणि शहराच्या गाड्या अडल्या तेव्हा आठवडाभरात पेठांच्या कोपऱ्यांवर ढीग साचले. २०१७ मध्ये तीच गावं महापालिकेच्या हद्दीत घेतली गेली, पुढे पुन्हा वेगळी काढली गेली. नकाशावरची रेघ आत-बाहेर सरकत राहिली. विहिरीतलं पाणी त्या रेघेला ओळखत नव्हतं.

ही ‘बाहेर’ची श्रद्धा आली कुठून? सोपं उत्तर असं, की आधुनिक उपभोगाने ती आणली, आपली परंपरा मात्र निसर्गस्नेही होती. हे उत्तर मला अपुरं वाटतं. उरलेल्याबद्दल आपली परंपरा एका तोंडाने बोलतच नाही. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात एक विलक्षण सूक्त आहे, उच्छिष्टाचं. यज्ञात आहुती देऊन जे उरलं त्या शेषावर नाम, रूप आणि सगळं जग टेकलेलं आहे, असं तो ऋषी म्हणतो. पुराणांनी पृथ्वी ज्याच्या फण्यावर ठेवली आणि विष्णूला ज्याच्या वेटोळ्यावर निजवलं त्या नागाचं नावच शेष आहे. सारं सरल्यावर जे उरतं ते, असाच त्या शब्दाचा अर्थ. आणि दुसरीकडे तेच उच्छिष्ट आपल्या स्वयंपाकघरात ‘उष्टं’ होऊन येतं आणि हात धुवायला लावतं. गीतेतही दोन्ही आहेत. तिसऱ्या अध्यायात यज्ञातून उरलेलं खाणारे पापातून सुटतात, सतराव्या अध्यायात उच्छिष्ट अन्न तामसांना प्रिय म्हणून खालच्या पायरीवर ठेवलं आहे. यात विसंगती दिसते, पण नीट पाहिलं तर एक कसोटी दिसते. अन्न तेच. तिसऱ्या अध्यायातला माणूस आधी इतरांचा वाटा काढतो आणि उरलेलं स्वतः घेतो. सतराव्यातल्या उच्छिष्टात कुणीतरी आधी भोगून घेतलेलं असतं. म्हणजे शेष पवित्र की अपवित्र हे पदार्थावरून ठरत नाही, तो कोणी मागे ठेवला आणि कोणाच्या वाट्याला आला यावरून ठरतं. जो स्वतः शेष घेतो त्याच्यासाठी तो प्रसाद असतो. जो तो दुसऱ्यावर लोटतो, त्याने त्याचा कचरा केलेला असतो.

परंपरेने या कसोटीला एक आचारही दिला होता, त्याचं नाव विसर्जन. आज त्या शब्दाबरोबर मिरवणूक आणि ढोल आठवतात, म्हणून मूळ विधी जरा जवळून पाहू. गणपतीच्या मूर्तीला पार्थिव म्हणतात, कारण ती पृथ्वीची, मातीची असते. शाडू मळून ती घडवतात, प्राणप्रतिष्ठा करतात, ठरलेले दिवस पूजा करतात, मग उत्तरपूजा. अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. इतकी लहानशी हालचाल, पण तिने सांगितलं जातं की आता हे देवत्व इथून निघालं. त्यानंतर घरची माणसं स्वतः मूर्ती उचलतात, स्वतः पाण्यापर्यंत नेतात, आणि परतताना रिकाम्या पाटावर काठची मूठभर माती किंवा वाळू ठेवून घरी आणतात. या विधीत निरोपाचा विचार मूर्ती घडवण्याच्या आधीच झालेला असतो. जे पुन्हा मातीत मिळणार नाही त्याची मूर्ती करायचीच नाही, हे त्यात गृहीत आहे. ज्याने आणली त्यानेच पोचवायची, हेही गृहीत आहे. आणि पाटावरची ती मूठभर माती म्हणजे जे दिलं ते कुठे गेलं याची घरात ठेवलेली आठवण. फेकण्यात यातलं काहीच नसतं. वस्तू आणताना तिचा शेवट डोळ्यांसमोर नसतो, पोचवायला परका माणूस लागतो, आणि डब्याचं झाकण पडलं की आठवणही पुसली जाते. शून्य कचरा हा शब्द परदेशातून आला असेल, पण त्यात मागितलेलं आचरण विसर्जनाचं आहे. वस्तू घरात किंवा कारखान्यात यायच्या आधी तिच्या निरोपाची सोय सांगता आली पाहिजे. सांगता येत नसेल, तर ती आणण्याचा हक्क आपल्याला नाही. या लेखात मला म्हणायचं आहे ते एवढंच, आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत.

पहिला आक्षेप समोरच वाहतो आहे. विसर्जनाच्या नावानेच तर नद्या मेल्या, मग विसर्जनाचा आदर्श कसला सांगता? आक्षेप खरा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाण्यात ते पुन्हा जिप्सम होतं, आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. मग पुण्यात मुळा नदीच्या पात्रात दुसऱ्या दिवशी सोंडा आणि हात तरंगताना दिसतात, आणि ज्याला आदल्या रात्री निरोप देताना डोळ्यांत पाणी आलं त्याच्या तुकड्यांवरून लोक नजर फिरवतात. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पुलावरून भिरकावलं जातं. पण इथे मोडलं काय? विधीतली प्रत्येक क्रिया टिकली, फक्त ज्या अटीवर तो विधी उभा होता ती अट सुटली: द्रव्य परत जाण्याजोगं असावं ही. हाच विधी नव्या ज्ञानाने पुन्हा अटीवर उभा करता येतो, याचं उदाहरणही पुण्यातच आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची युक्ती शोधली. घरातल्या बादलीत ती पावडर पाण्यात घालायची, त्यात मूर्ती ठेवायची, अधूनमधून ढवळायचं. बारीक बुडबुडे येत राहतात, कोपर, गुडघे, मग मुकुट अशी एकेक कड मऊ होत जाते, आणि दोन-तीन दिवसांत तळाशी पांढरा खडूसारखा साका आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं, जे झाडांना खत म्हणून चालतं. शाडू यापेक्षा केव्हाही चांगला, कारण त्याला बादलीत रसायन लागत नाही आणि रंगाचा प्रश्नही आटोक्यात राहतो. तरी त्या बादलीसमोर तीन दिवस वावरणाऱ्या घराला जे कळतं ते पुलावरून मूर्ती सोडून घरी परतणाऱ्याला कळत नाही: वस्तू संपायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाच्या तरी अंगणात घालवावा लागतो.

दुसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्याला उत्तर देण्याआधी तो पूर्ण ऐकला पाहिजे. कचऱ्याच्या प्रश्नात धर्माला कशाला बोलावता, असं तो विचारतो. उरलेल्याची व्यवस्था याच धर्माने लावली होती. उष्टं अन्न, जुनी वस्त्रं, धान्याचा फोल भाग आणि जुनं सामान शूद्राला द्यावं, असं मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितलं आहे. गावातलं मेलेलं ढोर ओढण्याचं काम जन्मावर टाकलं आणि ते करणाऱ्याला त्याच कामाच्या नावाने वेशीबाहेर बसवलं. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून आपण तिला हळदकुंकू वाहतो, तिला लक्ष्मी म्हणतो. पण जिच्या हातात ती वर्षभर असते त्या बाईला त्याच घरात वरून पाणी ओतलं गेलं. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं सोडा असं सांगितलं, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली. त्या सांगण्यात अन्नाच्या गुणदोषापेक्षा मोठी गोष्ट होती. दुसऱ्याने मागे टाकलेल्यावर जगणं ही जात म्हणून लादलेली जागा होती, ती जागा नाकारायची होती. हा सगळा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून कोणी शून्य कचऱ्याला सनातन भारतीय जीवनपद्धती म्हणू लागलं, तर त्याला थांबवलं पाहिजे. पूर्वी कचरा नव्हता असं वाटतं, कारण तो उचलणारा माणूस हिशेबात नव्हता.

मात्र या आक्षेपातून धर्म सोडून द्यावा असा निष्कर्ष मला काढता येत नाही. ज्या दाराने ही व्यवस्था आत आली ते दार बंद करायचं तर त्या दाराशीच जावं लागेल. पुण्याचं वर्तमान पाहा. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००७ मध्ये तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. आज तिच्या साडेतीन हजारांच्या आसपास सदस्य दारोदार जाऊन कचरा घेतात. त्यांत मोठी संख्या दलित स्त्रियांची. त्यांच्यापुढे शुद्धतेची कल्पना रोज कागदात गुंडाळून येते. वापरलेला सॅनिटरी नॅपकिन घरात कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून काळ्या पिशवीत, वर्तमानपत्रात, पुन्हा पिशवीत बांधला जातो, आणि आत काय आहे हे न कळल्याने वर्गीकरण करणारी बाई ते पुडकं उघड्या हाताने सोडते. विटाळ लपवणाऱ्या घराने तो दुसऱ्या बाईच्या बोटांवर नेऊन ठेवलेला असतो. म्हणून या संघटनेने लाल ठिपक्याची साधी विनंती केली: कागदावर एक लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडावं लागणार नाही. एका ठिपक्याला किती खर्च येतो? तरी तो सगळीकडे निघाला नाही, कारण ठिपका काढायचा म्हणजे आपल्या घरातून काय बाहेर गेलं ते कबूल करायचं. सोयराबाईंनी चौदाव्या शतकात आपल्या अभंगात विचारलं होतं की प्रत्येक देह विटाळातूनच घडला असेल तर सोवळा कोण उरला? तो प्रश्न त्या पुडक्यावर आजही तसाच आहे. आणि त्याचं आचरणातलं उत्तर गाडगेबाबांनी दिलं होतं. कीर्तनाच्या आधी गाव झाडायचं, स्वतः झाडायचं. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, हातात फुटकं गाडगं. त्यांचं नावच एका टाकाऊ भांड्यावरून पडलं. २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघालं, गावं झाडली गेली, बक्षिसं मिळाली, हे चांगलंच झालं. पण बाबांचा खराटा घेताना त्यांचं गाडगं मागे राहिलं. खराटा म्हणतो झाडून काढ. गाडगं म्हणतं फुटलेलंही माझंच आहे. वर सांगितलेली कसोटी इथे नियम होते: शेष ज्याचा, त्याचा पहिला हात त्याला लागला पाहिजे. ज्या घरात वर्गीकरण दुसरी बाई करते त्या घराने शून्य कचऱ्याचा दावा करू नये.

याच भूमीतल्या दुसऱ्या एका परंपरेने हा नियम फार पूर्वी काटेकोरपणे पाळून दाखवला. बुद्धाच्या भिक्षूंनी पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या गोळा करून चीवर शिवावं, ही मूळ रीत. विनयपिटकात एक कथा आहे. उदयन राजाच्या राण्यांनी भिक्षू आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. राजाला शंका आली, श्रमण व्यापार करतो की काय? त्याने आनंदाला विचारलं, इतक्या वस्त्रांचं काय करणार? ज्यांची चीवरं जीर्ण झाली त्यांना देईन. मग जीर्ण चीवरांचं काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादनं. त्या आच्छादनांचं? गाद्यांचे अभ्रे. मग जमिनीवर अंथरायला, मग पायपुसणी, मग धूळ झटकायला. आणि ती फडकीही विरली की? बारीक तुकडे करून चिखलात मळतो आणि जमीन सारवतो. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली. त्या संवादातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे: राजाचा प्रश्न. तो देणारा आहे, पण दिल्यावर थांबत नाही. वस्तूचा शेवट मातीत होईपर्यंत विचारत जातो, आणि घेणाऱ्यापाशी प्रत्येक पायरीचं उत्तर तयार असतं. आपल्या आज्यांच्या गोधडीत हेच ज्ञान टाक्याटाक्याने शिवलेलं होतं. नऊवारीचा मऊ झालेला घोळ वरच्या बाजूला, जाड धोतर मध्ये, रंग उडालेली परकराची पट्टी कडेला. गोधडी विरली की तिचं पोतेरं, पोतेरं विरलं की चुलीत. कापूस होता म्हणून हे जमलं. आजच्या पॉलिएस्टरच्या साडीला ही उतरंड नाही. ती फाटत नाही, कुजत नाही, आणि जळताना वितळून थेंब पडतात.

इथून तिसरा आक्षेप सुरू होतो: घरातल्या बाईला गोधडीचे धडे काय देता, खरा ढीग कारखाने घालतात. मान्य आहे, आणि विसर्जनाचा नियम सर्वांत आधी कारखान्यालाच लागतो, कारण मूर्ती घडवणारा तो आहे. उद्योगाला हे जमतच नाही असंही नाही. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग या लहान बंदरगावात १९७० च्या दशकापासून एका कारखान्याचं उरलेलं शेजारच्याचा कच्चा माल होतं. वीजकेंद्राची वाफ औषधाच्या कारखान्याला, आणि बरीच वर्षं धुरातून काढलेलं जिप्सम भिंतींच्या फळ्या करणाऱ्याला गेलं. इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या साखर कारखान्याच्या गव्हाणीत शंभर किलो ऊस पडला की साखर दहा-अकरा किलो निघते. अठ्ठावीस-तीस किलो बगॅस बॉयलरमध्ये जाऊन वाफ आणि वीज होते, चारेक किलो मळी आसवनीत जाते, तितकीच प्रेसमड खत होऊन शेतात परतते. शेष सांभाळण्याचं इतकं चोख काम क्वचितच कुठे दिसेल. आणि त्याच आवारात, आसवनीच्या मागच्या दाराशी, हिशेब चुकतो. एका लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर काळपट, ऊन सांडपाणी निघतं. ते शुद्ध करायला पैसे पडतात, नदीत सोडायला पडत नाहीत, म्हणून मासे मेल्याच्या बातम्या नदीकाठच्या गावांतून येत राहतात. एकाच कारखान्यातला एक शेष सोन्यासारखा जपला जातो आणि दुसरा रात्री सोडला जातो, तेव्हा तंत्राची सबब टिकत नाही. ज्याला भाव आहे तो माझा, ज्याला नाही तो नदीचा, असा तो व्यवहार आहे. कर्मसिद्धांताबद्दल मतभेद खूप असतील, पण त्यातला एक गाभा कुणालाही पटेल: कर्त्यापासून त्याचं फळ तोडता येत नाही. आजच्या बाजाराने हेच तोडून दाखवलं. फळाचे दोन भाग केले. नफा कर्त्याकडे ठेवला, शेष दुसऱ्याच्या गावाला धाडला. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी म्हणून जो कायदा प्लास्टिकच्या २०१६ च्या नियमांत आला आणि २०२२ मध्ये सविस्तर झाला, तो हे दोन भाग पुन्हा जोडू पाहतो. भाषा कायद्याची असली तरी मागणी जुनीच आहे.

आता ‘शून्य’ या शब्दावरचा आक्षेप. शून्य कधी होतं का? कागदाचा तंतू प्रत्येक फेरीत तुटतो, प्लास्टिक प्रत्येक वितळण्यात हलक्या दर्जाचं होतं, पुनर्चक्रीकरणालाही पाणी आणि वीज लागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक मोजणीनुसार २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं, आणि त्यातलं जे टाकून दिलं गेलं त्याचा फक्त ९ टक्के भाग पुन्हा वापरात आला. म्हणजे पुनर्चक्रीकरण हे प्रायश्चित्त समजून खरेदी करत राहणं ही स्वतःची फसवणूक आहे. डब्यावरचा तीन बाणांचा त्रिकोण पाप धूत नाही. जपानच्या शिकोकू बेटावरच्या कामिकात्सू गावाने २००३ मध्ये २०२० पर्यंत शून्य कचऱ्याचा संकल्प केला. दीड हजार वस्तीचं गाव, लोक आपला कचरा स्वतः धुऊन, वाळवून केंद्रावर नेतात आणि चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात. त्यांनी ८० टक्क्यांपर्यंत मजल मारली. उरलेल्या २० टक्क्यांत डायपर आहेत, चिकटवलेले बूट आहेत, ज्यांना बनवणाऱ्यानेच निरोपाची वाट ठेवली नाही अशा वस्तू आहेत. संकल्प हुकला म्हणून तो खोटा ठरत नाही. श्वास घेणारा माणूस पूर्ण अहिंसक होऊ शकत नाही, हे जैन मुनींना ठाऊक होतं. तरी त्यांनी अहिंसेला ‘शक्य तितकी’ असं विशेषण लावलं नाही, कारण ते लावलं की पहिल्या अडचणीलाच पाऊल थांबतं. शून्यावर हट्ट धरल्यामुळेच कामिकात्सूला उरलेले २० टक्के नेमके कुणाचे हे बोट ठेवून सांगता येतं. आपल्या कोकणात वेंगुर्ल्यानेही जुन्या कचरा डेपोच्या जागी वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण, बायोगॅस आणि बाग उभी केली, आणि ती जागा पाहायला लोक येऊ लागले. लहान नगरपालिकेला जमलं ते मोठ्या महापालिकेला अवघड आहे हे खरं, पण अवघड आणि अशक्य यांत फरक आहे.

एक शंका कष्टकऱ्यांच्या बाजूने येते आणि तिला घाईने बाजूला सारता येणार नाही. कचरा कमी झाला तर कचऱ्यावर जगणाऱ्या बाईने काय खावं? तिची कमाई मुख्यतः पुठ्ठा, काच, पत्रा, बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या यांच्यावर चालते. या वस्तू वेगळ्या आणि कोरड्या मिळाल्या तर तिला भाव जास्त मिळतो. ढिगात कमी व्हायला हवी ती तिला एक पैसाही न देणारी घाण. तिचं ज्ञान दुरुस्ती, कंपोस्ट, वर्गीकरण यांत पगारावर आणि सन्मानाने वापरलं जाईल, अशी व्यवस्था आखल्याशिवाय जो शून्य कचरा येईल तो नव्या सोवळ्यासारखाच वागेल: काचेच्या बरण्या आणि कापडी पिशव्या मिरवणारं स्वच्छ घर, आणि वस्तीतून हटवलेली बाई.

पदपथाच्या कडेला ती वर्गीकरण करत बसते तेव्हा तिच्याभोवती लहान-लहान ढीग होतात. पुठ्ठा दुमडून एकीकडे, बाटल्या चेपून दुसरीकडे, दुधाच्या पिशव्या झटकून गोणीत. मग हाताला वेफर्सचं किंवा बिस्किटाचं वेष्टन लागतं. बाहेरून रंगीत, आतून चांदीसारखं चकाकणारं; प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटवलेले, की ते पुन्हा वेगळे करणं कुणाला परवडत नाही. भंगारवाला ते घेत नाही. गाय खाऊ नये म्हणून ती ते उघड्यावरही टाकत नाही. गोधडीला पोतेरं व्हायची वाट होती, शाडूच्या मूर्तीला पाण्याची. या वेष्टनासाठी घडवणाऱ्याने काहीच ठरवलेलं नव्हतं. वापरलेल्या नॅपकिनच्या पिशव्या भरून पुण्याच्या या स्त्रियांनी एकदा बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवल्या होत्या. या वेष्टनावरही सगळं ठळक छापलेलं असतं: वजन, किंमत, बनवल्याची तारीख, तक्रारीसाठीचा क्रमांक, आणि खाली कंपनीचा पूर्ण पत्ता, पिनकोडसह.